दहा माणसे आणि एक कागद : नीराकाठच्या उद्योगांना वकील कोणी दिला?

१/
१२ मे १८७५. सुपे गावचा बाजाराचा दिवस. हे गाव आज बारामती तालुक्यात आहे. तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होते. भोवतालच्या खेड्यांतून जमलेला शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या दुकानांवर चालून गेला. या जमावाला मुख्यतः एकच वस्तू हवी होती : कागद. कर्जरोखे, गहाणखते, खातेवह्या. हाती आलेले कागद त्यांनी जाळले. पुढच्या काही दिवसांत ही आग इंदापूर, पुरंदर आणि पलीकडे नगर जिल्ह्यात पोहोचली. इतिहासात हे ‘दख्खनचे दंगे’ म्हणून नोंदले गेले.

२/
या दंग्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेला आणि मग कोसळलेला कापसाचा भाव, वाढीव शेतसारा, सावकारी व्याज ही कारणे पाठ्यपुस्तकातही सापडतात. आजच्या धाग्यात याच भूमीतला एक निराळा धागा उकलायचा आहे. कोणताही नवा धंदा उभा राहतो तो आधी कागदावर. मग तो कागद लिहून कोण देतो? त्यातली कलमे समजावून कोण सांगतो? आणि असा सांगणारा माणूस कोणाचा असतो?

३/
१८७५ पूर्वी या प्रश्नाचे उत्तर सरळ होते. कागद सावकार लिहीत असे, शेतकरी त्यावर अंगठा उठवीत असे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू कर्जदाराला दिलासा देण्याचा होता. घडले उलटेच. मुदत संपत आली की सावकार मुद्दल आणि थकलेले व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घेऊ लागला, आणि त्या नव्या रकमेवर पुन्हा व्याज सुरू झाले.

दावा कोर्टात गेला तरी शेतकरी बहुधा तेथे पोहोचतच नसे. निकाल एकतर्फी होत. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचे लक्ष या एकतर्फी हुकूमनाम्यांनी वेधून घेतले. कायदा सर्वांना सारखाच होता हे खरे, परंतु वकील एकाच बाजूला उभा होता.

४/
येथे पुण्याचा उल्लेख अपरिहार्य आहे. १८७० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचे प्राण गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले ‘सार्वजनिक काका’, हे स्वतः वकील होते. कोर्टाबाहेर तंटे मिटवण्यासाठी लवाद कोर्टांचा पुरस्कार करण्यात ते पुढे होते. वकिलाने वकिलांवाचून न्याय मिळावा म्हणून खटपट करावी, ही त्या पिढीची खास पुणेरी तऱ्हा म्हणायची.

५/
दंग्यांनंतर चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्याची काही कलमे आज वाचताना नवल वाटते.

शेतकऱ्याने करून द्यायचा रोखा गावच्या निबंधकासमोर, त्याच्या देखरेखीखाली लिहिला गेला पाहिजे. एरवी तो कोर्टात टिकणार नाही. सही करणाऱ्याला वाचता येत नसेल तर दोन प्रतिष्ठित साक्षीदार हवेत. भरलेल्या पैशाची पावती आणि वर्षाच्या हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क कर्जदाराला आहे. छोट्या रकमेच्या दाव्यांत तर कोणत्याच पक्षाला वकील देता येणार नाही (कलम ६८).

६/
आणि मग कलम ६९. समोरच्या पक्षाने वकील दिला असेल आणि शेतकऱ्याला वकील करण्याची ऐपत नसेल, तर त्याच्या संमतीने न्यायाधीश सरकारी वकिलाला किंवा तयारी असणाऱ्या दुसऱ्या योग्य व्यक्तीला त्याच्या वतीने उभे राहण्यास सांगू शकतो.

विनामूल्य कायदेविषयक साहाय्याचे तत्त्व भारतीय संविधानात शब्दबद्ध झाले ते १९७६ साली, अनुच्छेद ३९-अ मध्ये. त्याच्या ९७ वर्षे आधी, भीमथडी आणि इंदापूरच्या शेतकऱ्यांसाठी त्याचे एक छोटे रूप कायद्याच्या पुस्तकात आले होते. या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या विशेष न्यायाधीशांपैकी एक होते महादेव गोविंद रानडे. तालुक्यातालुक्यांतील कोर्टांचे दप्तर तपासत हिंडण्याचे हे काम त्यांनी पुढे हायकोर्टात जाईपर्यंत, १८९३ पर्यंत केले.

७/
परंतु या कायद्यात एक उणीव होती, आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. त्याच्या नजरेत शेतकरी हा नेहमी प्रतिवादी होता. कर्ज झालेला, दावा लागलेला, वाचवायचा माणूस. हाच शेतकरी उद्या स्वतः काही उभारू पाहील आणि त्यासाठीही त्याला कायद्याचा सल्ला लागेल, ही कल्पना त्या कायद्यात कोठेही नव्हती.

८/
ती कल्पना आणली पाण्याने. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला. भाटघरच्या धरणाचे पाणी पुरंदरच्या कडेने बारामतीत आणि तेथून इंदापुरात उतरले. बाजरीच्या माळावर ऊस उभा राहिला.

ऊस म्हणजे निव्वळ पीक नव्हे, तो धंदा आहे. आडसाली ऊस दीड वर्षे रानात उभा असतो. तोवर पाणीपट्टी, खत, मजुरी; मग चरक, काहील, जळण, गुळव्या. ढेपा बाजारात जाऊन पैसा हाती यायला आणखी वेळ. एवढे भांडवल कोरडवाहू शेतकऱ्याजवळ कोठून असणार? ते अडत्याने दिले आणि गूळ आपल्याच दुकानी घालण्याची अट घातली. म्हणजे पीक बदलले, रान बदलले, कागद मात्र पुन्हा दुसऱ्याच्याच हातचा राहिला.

९/
त्या काळी मोठा धंदा उभारायचा तर कायद्याने कोणता मार्ग होता? १८८२ चा कंपनी कायदा. किमान सात भागधारक, संस्थापन समयलेख, नियमावली, मर्यादित जबाबदारी. हे कागद तयार करणारी माणसे मुंबईच्या फोर्टात बसत. क्रॉफर्ड बेली (१८३०), लिटल अँड कंपनी (१८५६) यांसारख्या सॉलिसिटरांच्या पेढ्या तेथे स्थिरावल्या होत्या. भाषा इंग्रजी, फी मुंबईची. बारामतीच्या गुऱ्हाळवाल्याला तो दरवाजा नावानेही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

१०/
१९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. तो वाचताना मला नेहमी वाटते की, या मसुद्याचा खरा गुण त्याच्या अपुरेपणात आहे. त्यात कलमे थोडी आहेत आणि बाकी बरेचसे प्रांतिक सरकारवर सोडले आहे. सार एवढेच : अठरा वर्षांवरील कोणतीही दहा माणसे एकत्र येऊन अर्ज करू शकतात. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी यांतून सूट देण्याची तरतूद आहे. वर्षातून एकदा हिशेब तपासला जाईल. आणि या सगळ्यावर एक अधिकारी असेल, रजिस्ट्रार, आपल्या भाषेत निबंधक.

मुंबई इलाख्यातील पहिली संस्था १९०५ मध्ये गदगजवळच्या कणगिनहाळ गावी नोंदली गेली. १९१२ च्या नव्या कायद्याने कर्जाखेरीज खरेदी, विक्री, उत्पादन अशा कामांसाठीही संस्था काढण्याची वाट मोकळी केली.

११/
आता मुद्द्याची गोष्ट. त्या दहा माणसांना संस्थेची घटना कोण लिहून देणार होते? उत्तर : खुद्द निबंधक. त्याच्या कार्यालयाकडून नमुन्याचे पोटनियम मिळत. संस्थेचे नाव, गाव, भागाची किंमत, पंच कमिटीची संख्या भरायची आणि सह्या करायच्या. जोडीला ‘ऑनररी ऑर्गनायझर’ नावाची बिनपगारी माणसे असत. ही मंडळी गावोगाव जाऊन नियम मराठीत समजावीत, पहिली सभा घेत, इतिवृत्त कसे लिहायचे ते शिकवीत. भारत सेवक समाजाच्या गोपाळ कृष्ण देवधरांसारखी माणसे या कामात होती. १९१८ साली मुंबईत सहकारी शिक्षणासाठी एक मध्यवर्ती संस्था निघाली. आजचा महाराष्ट्र राज्य सहकारी संघ तिचाच वारस.

सॉलिसिटरच्या टेबलावर जे काम फी मोजून होई, तेच काम येथे छापील नमुना आणि फिरता कार्यकर्ता यांनी केले. नीराकाठच्या शेतकऱ्याचा पहिला ‘उद्योग-वकील’ हा असा होता. त्याने काळा डगला घातलेला नव्हता.

१२/
अर्थात त्या छापील नमुन्यात एक जड कलम होते. ग्रामीण संस्थेची जबाबदारी सामान्यतः अमर्यादित. म्हणजे संस्था बुडाली तर प्रत्येक सभासदाची सारी मालमत्ता तिच्या देण्यास बांधलेली.

क्षणभर थांबून दोन्ही कायदे शेजारी ठेवून पाहा. मुंबईचा धनिक कंपनी काढतो तेव्हा त्याने घेतलेल्या शेअरांच्या रकमेपलीकडे त्याला हात लावता येत नाही. इंदापूरचा शेतकरी पतसंस्था काढतो तेव्हा त्याचे घर, बैल, रान सारेच पणाला. यामागे जर्मनीतल्या रायफायझन पतसंस्थांचा अनुभव होता : गरिबाजवळ तारण नसते, तेव्हा परस्परांची हमी हेच तारण, आणि सगळेच अडकलेले असले की शेजारी शेजाऱ्यावर नजर ठेवतो. युक्तिवाद खोटा नाही. तरी ज्याच्याजवळ सर्वांत कमी त्याच्याकडून सर्वांत मोठी हमी घेणारी ही व्यवस्था मला आजही अस्वस्थ करते.

१३/
पतसंस्थांना पैसा पुरवायला मोठी बँक हवी होती. १९११ मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लुभाई सामळदास यांच्या पुढाकाराने बॉम्बे सेंट्रल को-ऑपरेटिव्ह बँक स्थापन झाली. आजच्या महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेचे हे मूळ. नीरा कालव्यावरच्या ऊसकऱ्यांना सावकाराच्या हातून सोडवणे हे तिच्या आरंभीच्या कामांपैकी एक, आणि त्यासाठी ती बारामतीत येऊन बसली. वैकुंठभाई मेहता तरुणपणीच या बँकेत आले आणि तीन दशकांहून अधिक काळ तिचा कारभार त्यांनी पाहिला.

१४/
या लल्लुभाई सामळदासांचे नाव लक्षात ठेवा. १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन या जहाज कंपनीच्या संस्थापकांतही ते आहेत. तेथे त्यांच्या शेजारी आहेत सोलापूरचे वालचंद हिराचंद. एकच माणूस एकीकडे दहा शेतकऱ्यांच्या पतसंस्थेला पैसा पुरवतो आणि दुसरीकडे ब्रिटिश जहाज कंपन्यांशी टक्कर घेणारी लिमिटेड कंपनी उभारतो. कायद्याचे दोन्ही दरवाजे त्याला ठाऊक आहेत.

१५/
वालचंदांचा प्रवास तर धंद्याच्या कायदेशीर रूपांचा चालता-बोलता इतिहास आहे. आरंभ लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबरच्या भागीदारीने, बार्शी लाइट रेल्वेच्या कंत्राटापासून. मग १९२० मध्ये टाटा कन्स्ट्रक्शन ही कंपनी. मग मार्सलंड प्राइस. या शेवटच्या कंपनीच्या द्वारे ते इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर आले. १९३२ च्या कायद्याने देशी साखरेला परदेशी साखरेपासून संरक्षण मिळाले, आणि लवकरच तेथे कारखान्याचे धुराडे उभे राहिले. वसाहतीचे नाव पडले वालचंदनगर.

भागीदारी कधी करायची, ती मोडून कंपनी कधी करायची, भांडवल कोणत्या नावाने उभारायचे, हे निर्णय अभियांत्रिकीचे नसतात; ते कायद्याच्या सल्ल्याचे असतात. वालचंदांना तो सल्ला विकत घेता येत होता आणि तो केव्हा घ्यावा हेही कळत होते. माझ्या मते त्यांच्या धाडसाइतकेच हे भान महत्त्वाचे होते.

१६/
पण खाजगी साखर कारखान्यांना हजारो एकर सलग ऊस हवा होता. शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या गेल्या. खंडपत्राच्या एका बाजूला कंपनी होती, तिचे वकील होते; दुसऱ्या बाजूला एकटा शेतकरी. १८७९ च्या कायद्याने त्याला कर्जाच्या दाव्यात वकील देऊ केला होता. जमीन भाड्याने देण्याच्या करारात असे काहीच नव्हते.

१७/
या सहीची किंमत तीन पिढ्यांनी मोजली. १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा आला, कारखान्यांच्या जमिनी सरकारकडे गेल्या आणि त्या कसण्यासाठी १९६३ मध्ये राज्य शेती महामंडळ निघाले. ज्यांनी जमीन विकली नव्हती, केवळ खंडाने दिली होती, ते मूळ मालक ‘खंडकरी शेतकरी’ म्हणून दशकानुदशके आंदोलने करीत राहिले. जमीन परत देण्याची प्रत्यक्ष वाट २०१२ च्या सुमारास मोकळी झाली. सुप्याच्या जमावाला कागद जाळायचे होते. वालचंदनगर परिसरातील खंडकऱ्यांच्या नातवंडांना आजोबांच्या नावचा कागद शोधून काढावा लागला.

१८/
सगळ्याच शेतकऱ्यांनी कंपनीचा दरवाजा बाहेरूनच पाहिला असे नाही. सासवडचे माळी बागायतदार नीरा कालव्याच्या पाण्यामागे गावोगाव गेले, खंडाने जमिनी घेऊन त्यांनी ऊस पिकवला. १९३२ मध्ये त्यांनी चक्क लिमिटेड कंपनी नोंदवली : सासवड माळी शुगर फॅक्टरी. इंदापूरच्या पलीकडे, नीरा ओलांडून माळशिरस तालुक्यात त्यांचे माळीनगर वसले. शेतकरीच भागधारक, शेतकरीच संचालक. सहकाराचा छापील नमुना हाताशी असताना त्यांनी कंपनी कायदा निवडला, ही गोष्ट आपल्या सहकाराच्या इतिहासात जितकी सांगितली जायला हवी तितकी सांगितली जात नाही.

१९/
स्वातंत्र्यानंतर तिसरी वाट निघाली. विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी कारखाना १९४८ मध्ये नोंदला गेला आणि १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. त्याचे अध्यक्षपद सांभाळले अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी. मुंबई राज्याचे अर्थ आणि सहकार खाते होते वैकुंठभाई मेहतांकडे. तेच ते, बॉम्बे सेंट्रल बँकेचे. कारखान्याला लागणारे पोटनियम, सरकारी भागभांडवल, कर्जाची हमी, औद्योगिक वित्त महामंडळाकडचे तारणखत, ही सारी किचकट कागदपत्रे जाणणारी माणसे प्रथमच शेतकऱ्यांच्या बाजूने एकत्र आली. आणि महत्त्वाचे म्हणजे या कारखान्यांत सभासदाची जबाबदारी मर्यादित होती.

२०/
पहिला साचा तयार झाला की पुढचे सोपे. १९५० च्या दशकातच बारामतीत माळेगाव आणि इंदापुरात भवानीनगरचा श्री छत्रपती कारखाना उभा राहिला, पुढच्या दशकात सोमेश्वर. प्रत्येक कारखान्यामागे हजारो सह्या होत्या, आणि बहुतेक सह्या करणाऱ्यांनी खाजगी वकिलाचा उंबरा ओलांडलेला नव्हता. त्यांच्या वतीने तो साचा आधीच कोणीतरी वाचून ठेवला होता.

२१/
या सोयीला दुसरी बाजू आहे. वकील आपला अशील सोडून जाऊ शकतो, अशील वकील बदलू शकतो. निबंधक बदलता येत नाही. जो पोटनियम देई तोच नोंदणी करी, तोच हिशेब तपाशी, आणि १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातील कलम ७८ खाली तोच निवडून आलेले संचालक मंडळ दूर करू शकत असे. सल्लागार, परीक्षक आणि दंडाधिकारी एकाच खुर्चीत. पुढे त्या खुर्चीमागे सत्ताधारी पक्ष उभा राहिला की काय होते, हे महाराष्ट्राच्या राजकारणाचा कोणताही विद्यार्थी सांगेल. फुकट मिळालेल्या सल्ल्याचे बिल असे उशिरा आले.

२२/
म्हणूनच पुढे वाय. के. अलघ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने निराळा पर्याय मांडला : रूप कंपनीचे, तत्त्व सहकाराचे. २००२ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात ‘उत्पादक कंपनी’ हे प्रकरण आले. जबाबदारी मर्यादित, व्यक्ती सभासद असतील तर एका सभासदाला एक मत, आणि संचालक मंडळ बरखास्त करणारा निबंधक नाही. ती स्थापन करायला किती शेतकरी हवेत? दहा. १९०४ च्या कायद्यातली तीच संख्या.

२३/
फरक आहे तो मदतनिसात. उत्पादक कंपनीचा समयलेख बहुधा इंग्रजीत असतो, अर्ज केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर जातो, सही डिजिटल असते. हे काम सनदी लेखापाल किंवा कंपनी सेक्रेटरी फी घेऊन करतात. २०२० मध्ये दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची केंद्रीय योजना आली. तिच्यात नोंदणीपासून हिशेबापर्यंत हात धरून नेणाऱ्या मार्गदर्शक संस्थांना पाच वर्षांसाठी पैसा देण्याची तरतूद झाली. म्हणजे जुना ‘ऑनररी ऑर्गनायझर’ परत आला आहे, या वेळी मानधनावर.

तालुका पातळीवर विधी सेवा समित्याही असतात. १९८७ च्या कायद्याने त्यांना कोर्टातील दाव्यासाठी पात्र व्यक्तींना विनामूल्य वकील देता येतो, कायदेविषयक सल्लाही देता येतो. पण इंदापूरच्या दहा डाळिंब उत्पादकांना कंपनी काढायची असेल, तर पहिला मसुदा लिहून घेण्यासाठी ते सहसा या समितीकडे जात नाहीत. ते शहरातल्या लेखापालाच्या कार्यालयात बसतात, तो संगणकावर आधीच्या कुणाच्या तरी कंपनीचा समयलेख उघडतो आणि नाव बदलू लागतो.